खाटकाघरची मासवडी

"हे मटण आहे," धोंडीबुवा म्हणाले, आणि हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

मोठ्यानं नाही म्हणाले. बुवांना मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती. भजनातसुद्धा ते गातायत की नुसते ओठ हलवतायत, हे शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. पण आमच्या अंगणातल्या मांडवात त्या वेळी पाव्हण्यांची पंगत बसली होती, सगळे भाकरी कुस्करण्यात गुंतले होते आणि कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. माजघराच्या खिडकीत उभी राहून मीही ते ऐकलं. माझ्या कपाळावर साखरपुड्याचं कुंकू नुकतंच लागलं होतं.

धोंडीबुवा हांडे म्हणजे माझे होणारे चुलत सासरे. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे, सोपानचे, वडील तो लहान असतानाच गेलेले, तेव्हापासून घराचं सगळं बुवांच्या शब्दावर चालायचं. आणि ते घर होतं माळकऱ्यांचं. एकजात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मटण-मासळी तर सोडाच, कोंबडीचं अंडं त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. अशा माणसांच्या ताटात मटण वाढलं म्हणजे सोयरीक तर मोडणारच, पण नंतर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आमच्या भागात पंगतीची एक रीत आहे. वडीलधाऱ्या माणसानं हात आखडला की बाकीचेही आखडतात, आणि तो उठला की पंगत उठते. साखरपुड्याची पंगत अशी अर्ध्यातून उठली की पुढचं काही बोलायचं राहत नाही. लग्नाची तिथी जेवणानंतर काढायची होती. बुवा अजून उठले नव्हते, पण त्यांनी हात ताटाबाहेर काढला होता, आणि त्यांच्या मागोमाग सगळ्या पंगतीचे हात ताटाबाहेर आले होते.

एकट्या सोपानचा हात तेवढा ताटात होता. तो आजही सांगतो की, तुझ्यासाठी मी सगळ्या भाऊबंदांच्या विरोधात बसून राहिलो. मी खिडकीतून पाहत होते. तो भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून बसला होता आणि टाकवतही नव्हता, खाववतही नव्हता.

अण्णा धावत आले. "बुवा, काय बोलताय? मासवडी आहे ही."

ज्यांनी आमच्या जुन्नरकडची मासवडी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मासवडीत मासा नसतो. बेसन शिजवून घट्ट करायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण भरायचं आणि फडक्यानंच वळून माशाच्या आकाराची लांब वडी करायची. मग तिचे तुकडे कापायचे आणि झणझणीत काळ्या रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायचे. ताटात कापलेल्या माशाचे तुकडे मांडल्यासारखं दिसतं. ज्यांनी मासे खाणं सोडलंय आणि ज्यांनी कधी खाल्लंच नाही, त्या दोघांसाठी कुणा तरी हुशार बाईनं ही युक्ती काढली असणार.

"वडीचं नाही म्हणत मी," बुवा म्हणाले. "रस्सा. सैपाक कुणी केलाय?"

अण्णांना आयुष्यात एकही गोष्ट लपवता आली नाही. लपवायची असते हेच त्यांना सुचायचं नाही.

"आमच्या चंद्राक्कानं," ते अभिमानानं म्हणाले. "खाटकाच्या."



आता यात अण्णांची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. चंद्राक्काच्या नवऱ्याचं, गंगारामचं, आमच्या गावात मटणाचं दुकान होतं. शिवाय बुधवारी खडकवस्तीच्या बाजारात त्यांची छोटी खानावळ चालायची. पण आमच्या गावाला चंद्राक्का माहीत होती ती मासवडीसाठी. श्रावणात दुकान बंद झालं की घरोघरी तिला बोलावणं जायचं, आणि माळकऱ्यांच्या घरी कार्य असलं तर वर्षाच्या कुठल्याही दिवशी. तिचं शास्त्र ठरलेलं होतं. आदल्या दिवसापासून दुकानाकडं फिरकायचं नाही. न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसून यायचं. स्वतःच्या घरातलं भांडं नाही, विळी नाही, पाटाही नाही. सगळं कार्यवाल्याचं किंवा देवळातलं. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "माळकऱ्याच्या तोंडात घालायचंय," एवढंच ती म्हणायची. खाटकाच्या बाईनं माळकऱ्यांचा स्वयंपाक करण्यात काही वेगळं आहे, हे आमच्या गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"खाटकिणीच्या हातचं खायला घातलं होय आम्हाला?" पंगतीतून कोणी तरी म्हणालं.

"भांडी आमची आहेत. देवळातली आहेत," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "बुवा, माझ्या पोरीच्या कपाळाला कुंकू लागलंय हो."

ते ऐकलं आणि हे मोडू शकतं, हे मला कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं की मोठी माणसं बोलतील आणि मिटेल. सोपान मला आवडला होता. पाहायला आला तेव्हा त्यानं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. "पोहता येतं का?" एवढंच विचारलं. मी येतं म्हणाले, तर तो म्हणाला, "मला येत नाही." असा नवरा परत मिळाला नसता.

तेवढ्यात चुलीपासून चंद्राक्का उठली. उंच, काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई. तिनं हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. बुवांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. मला वाटलं, रागानं.

"बुवा," ती म्हणाली, "रश्श्यात काय लागलं तुमाला?"

बुवा ताटाकडं पाहत म्हणाले, "मटण."

"मटण नाय. हुलगा हाये."

पंगतीत हसू फुटलं. हुलगा, म्हणजे कुळीथ, हे आमच्याकडं बैलांचं खाणं. शिजवून बैलाला घालायचा, तालमीतल्या पोरांना भिजवून द्यायचा, आणि फार तर थंडीत त्याचं माडगं करून प्यायचं. पाव्हण्यांच्या ताटात हुलगा वाढला, हे सांगणंसुद्धा कमीपणाचं होतं.

चंद्राक्का आत गेली आणि एक टोपलं घेऊन आली. त्यात शिजून मऊ झालेले हुलगे होते. "ह्यो बगा. ह्याचं पानी काढून रश्श्याला वापरलंय. दाना बैलांना ठेवलाय."

"हुलग्याला अशी चव येत असती होय?" एक जण म्हणाला. "आम्ही काय हुलगा खाल्ला नाही?"

"हुलगे दाखवायला कोणीही आणील," दुसरा म्हणाला. "पातेल्यात काय होतं ते काय माहीत?"

आणि इथं आमच्या मामानं तोंड उघडलं. आईचा हा धाकटा भाऊ नाकावर राग घेऊनच जन्मला होता. आमच्याकडच्या कुठल्याही कार्यात त्याला कोपऱ्यात काहीतरी काम देऊन बसवून ठेवायचा प्रघात होता, पण त्या दिवशी अण्णांच्या ते लक्षात राहिलं नव्हतं. तो पंगतीच्या मधोमध आला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला,

"बुवा, मी एक विचारतो. तुमची माळ लहानपणापासूनची. जन्मात मटणाला शिवला नाहीत. मग हे मटणच आहे, हे तुमच्या जिभेला कसं काय कळलं?"

प्रश्न इतका सरळ होता की तो आधी कोणालाच कसा सुचला नाही याचं मला नवल वाटलं. सगळे बुवांकडं पाहत होते. बुवांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांची बोटं गळ्यातल्या माळेवर गेली आणि तिथंच राहिली. माझ्या मनात आलं, आता हे उत्तर देऊ शकले नाहीत तर आपण सुटलो. मामाचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

"वासावरनं कळलं आसंल, दुसरं काय," चंद्राक्का म्हणाली.

मामानं वळून तिच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

"माळकऱ्याचं नाक लई तिखट आसतंय, भाऊ," ती सहज सुरात म्हणाली. "आमच्या दुकानावरनं जाताना नाकाला उपरनं लावून जात्यात ही मानसं. त्येंना वास न्हाय कळनार तर मग कुनाला कळंल? खोबरं मी निखाऱ्यावर काळं करते, मसाला बी काळा. मटनाला बी त्योच आसतो. बुवांचं नाक बरुबर हाये. चूक व्हन्यासारखंच हाये ते."

मला तिचा इतका राग आला. हातात आलेला माणूस हिनं सोडून दिला. जो माणूस हिच्यावर आळ घेतोय त्याचीच बाजू ही बाई घेत होती, आणि त्यात माझं लग्न मोडत होतं. मामा तर पाय आपटत कोपऱ्यात जाऊन बसला.

"पन माझ्या हातचं हाये म्हनून संशय आला, तर त्यो फिटला पायजे," चंद्राक्का पुढं म्हणाली. "दुसऱ्या पंगतीचा रस्सा अजून व्हायचाय. हुलग्याचं पानी चुलीवरच हाये. ईनबाई, तुमी जरा हिकडं या."

ती माझ्या होणाऱ्या सासूबाईंना म्हणत होती. सुभद्राबाई माजघरात आमच्यातच बसल्या होत्या आणि तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या दचकून उठल्या.

"तुमचं माहेर बी माळकऱ्याचंच ना?"

"हो. माहेरही माळकऱ्यांचं, सासरही."

"मंग चला. तुमी करा रस्सा. मी हात लावनार नाय. चुलीपासनं चार हात लांब बसते आन् सांगते तसं करा. ज्याला बगायचं त्यानं येऊन बगावं."

हे बोलणं किती मोठं होतं, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. चंद्राक्काच्या रश्श्यात काय असतं, हे आमच्या गावात कोणालाही माहीत नव्हतं. बायका तिच्या आजूबाजूला घुटमळायच्या, मुद्दाम मदतीला बसायच्या, पण ती रस्सा चढवताना सगळ्यांना भाकऱ्यांकडं पिटाळायची. तिच्या सुनेनं लग्न होऊन आल्यापासून विचार विचार विचारलं होतं. तिलाही ती म्हणायची, "मी मेल्यावर." हुलग्याचं पाणी असतं, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि आता ती उरलेलंही सगळं सांगणार होती, परक्या गावच्या बाईला, सगळ्यांच्या देखत. तिची सून दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

मीही खिडकी सोडली आणि चुलीपाशी जाऊन उभी राहिले. साखरपुड्याच्या नवरीनं असं बाहेर यायचं नसतं, पण त्या वेळी मला बघायला कोणाला फुरसत होती.

पाहुण्यांपैकी काही जण येऊन भोवती उभे राहिले. बुवा मात्र पंगतीत बसूनच होते.

"आदी खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर टाका," चंद्राक्का म्हणाली. ती खरंच लांब, भिंतीला टेकून बसली होती, हात पदरात गुंडाळून. "भिऊ नका. जळू द्या. काळी झाली पायजे. कांदा बी तसाच, सालीसकट. साल जळली की आतला गोड व्हतो."

सुभद्राबाईंनी खोबरं टाकलं, कांदा टाकला.

"आता तव्यावर तीळ. त्यात दगडफूल टाका, चिमूटभर नको, चांगलं मूठभर. लोकं हितंच कंजुषी करत्यात. मटनाची म्हनून जी चव म्हनत्यात ना, ती निम्मी दगडफुलाची आसती."

"निम्मी?" उभ्या असलेल्यांतला एक जण म्हणाला.

"निम्मी. ऱ्हायलेली निम्मी हुलग्याची."

"मग मटणाची कुठली?"

"त्ये मला कधी कळलं न्हाय," चंद्राक्का म्हणाली, आणि त्या माणसाला हसू आलं. तो आमच्या जवळच उकिडवा बसला. त्याच्या मागं दुसराही बसला.

पाट्यावर सगळं बारीक वाटताना सुभद्राबाईंच्या कपाळावर घाम आला. चंद्राक्का त्यांना मधूनमधून धीर देत होती. आता लसूण, आता आलं, पाणी नको, हुलग्याचंच पाणी शिंपडा. तेल तापलं, वाटण पडलं आणि अंगणभर वास पसरला. मी तो वास लहानपणापासून घेत आले होते, पण तो कुठून येतो ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग काळा मसाला, मग ते दाट तपकिरी पाणी, जे बैलांच्या खाण्यातून निघालं होतं. रश्श्याला उकळी आली आणि वर लाल तर्री धरली.

"चाखा," चंद्राक्का म्हणाली.

सुभद्राबाईंनी पळीतला थेंब हातावर घेऊन चाखला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं असेल. पुन्हा चाखला. मग त्यांनी वाटी भरून घेतली आणि सरळ मांडवात गेल्या. मी त्यांना त्या दिवसापर्यंत फक्त मान खाली घालून बसलेलं पाहिलं होतं.

"भावजी," त्या बुवांना म्हणाल्या, "हा मी केलाय. हुलगा, खोबरं, कांदा आणि मसाला. तिनं चुलीला बोटसुद्धा लावलं नाही. मला मटण कसं लागतं ते माहीत नाही. पण हा मघासारखाच लागतोय. तुम्ही चाखून सांगा."

वाटी बुवांच्या पुढं ठेवली गेली. बुवा वाटीकडं पाहत राहिले. आता खरं तर ते काहीही म्हणू शकत होते. चव वेगळी आहे म्हणाले असते तर त्यांचा शब्द राहिला असता आणि माझं लग्न गेलं असतं. त्यांच्या जिभेवर काय होतं ते दुसरं कोण सांगणार होतं.

चंद्राक्का चुलीपासून उठून पुन्हा मांडवाच्या कडेला आली.

"बुवा, तुमी माळकरी मानूस," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर पंगत थांबलीया. तुमी म्हनाल त्ये आमाला मान्य. सोयरीक मोडली तर मोडली, पन खाटकिनीनं माळकऱ्याला बाटवलं, येवढं म्हनू नका."

तिचा आवाज तेवढ्यापुरता हलला. तेव्हा मला कळलं की तिचंही काही तरी जाणार होतं. श्रावणातली घरोघरची बोलावणी, देवळातली भांडी, न्हाऊन नेसलेलं लुगडं, ते सगळं.

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. मग त्यांनी वाटी उचलून तोंडाला लावली आणि उरलेला रस्सा पिऊन टाकला.

"तोच आहे," ते म्हणाले. "चूक माझी झाली. जेवा रे सगळे."

सोपानचा घास त्यांचं वाक्य संपायच्या आत तोंडात गेला होता. त्या दिवशी पाव्हण्यांनी भाकऱ्यांची चवड संपवली आणि आमच्या बायकांना पुन्हा चुलीपुढं बसावं लागलं. जेवणानंतर तिथी निघाली. वैशाखात माझं लग्न झालं.

सासरी मासवडीचा रस्सा पहिल्यापासून सासूबाईच करायच्या, आणि कोणी नावाजलं की न चुकता सांगायच्या, "हे चंद्राबाईचं आहे." मला त्यांनीच शिकवला. चंद्राक्काचा विषय निघाला की मी मात्र जरा घुश्श्यातच असायचे. ती बाई मोठी होती, तिनं माझा संसार उभा केला, हे मला मान्य होतं. पण मामाचा प्रश्न तिनं का उडवून लावला, हे मला उमगत नव्हतं.

बुवांचं वय झालं, चालणं थांबलं, आणि ते पडवीतल्या बाजेवर पडून राहायला लागले. तोवर माझी मुलं शाळेत जायला लागली होती. एका दुपारी मी त्यांना मासवडी-रस्सा घेऊन गेले. दात नव्हते, म्हणून भाकरी रश्श्यात भिजवून दिली. अर्धं खाऊन झाल्यावर ते म्हणाले,

"वैजयंता, त्या दिवशी मला मटण कसं ओळखू आलं, ते तू कधी विचारलं नाहीस."

"वासावरून," मी म्हणाले. "चंद्राक्कानं सांगितलं होतं की."

बुवा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं.

"तुझी चुलतसासू गेली त्या साली मी कांदे घेऊन खडकवस्तीच्या बाजाराला जायला लागलो," ते म्हणाले. "घरी परत यावंसं वाटायचं नाही. एकदा दिवसभर काही खाल्लं नव्हतं आणि गंगारामच्या खानावळीतून वास येत होता. मागच्या दारानं आत गेलो. मागं एक खोली होती, तिथं भिंतीला खुंटी होती. माळ काढली, खुंटीला अडकवली आणि जेवलो. मग दर बुधवारी. काही वर्षं चाललं ते."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"ती ताट आणून ठेवायची, दार ओढून घ्यायची आणि बाहेर बसून राहायची, कोणी आत येऊ नये म्हणून. कधी एक शब्द बोलली नाही. जेवून हात धुतले की मी माळ परत घालायचो आणि पांडुरंगाची माफी मागायचो. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच." त्यांनी वाटीकडं पाहिलं. "साखरपुड्याला तुमच्या मांडवात पहिला घास घेतला आणि माझ्या जिभेला तोच रस्सा लागला. मला मटणाची दुसरी कुठली चव माहीतच नव्हती ग. मटणातसुद्धा ती हुलग्याचंच पाणी घालायची, हे मला काय माहीत? मी खोटं बोललो नाही. मला खरंच मटण वाटलं."

"आणि मग ती मांडवात आली," मी म्हणाले.

"ती आली. मग तुझ्या मामानं विचारलं. मी डोळे मिटले. म्हटलं, आता ही एक वाक्य बोलेल आणि मी संपलो. भजन संपलं, घर संपलं. आळ तिच्यावर मी घेतला होता. तिनं बोलायला पाहिजे होतं. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो."

बाजेपाशी बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकी वर्षं मी त्या बाईवर जी अढी धरली होती तिचं काय करावं, मला कळेना.

"पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेलो," बुवा म्हणाले. "पुढच्या दारानं गेलो. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. भर बाजारादेखत बाकावर बसलो आणि म्हटलं, चंद्राबाई, त्या दिवशीचा हुलग्याचा रस्सा वाढा. लोक बघायला लागले. ती म्हणाली, या बुवा, बसा. वेगळं पातेलं आणलं तिनं, नवं कोरं. त्या दिवसापासून मटण सुटलं. कष्ट पडले नाहीत. मला हवी होती ती चव मटणाची नव्हतीच. पुढं माझ्यामागं आणखी माळकरी यायला लागले. खाटकाच्या खानावळीत माळकऱ्यांची पंगत बसायची दर बुधवारी. हसत होते लोक, पण जेवत होते."

त्यानंतरच्या थंडीत बुवा गेले. मी माहेरी गेले तेव्हा बुधवार पाहून मुद्दाम खडकवस्तीला उतरले. खानावळ आता सून चालवत होती. चंद्राक्का थकली होती, पण मला पाहून तिनं मागच्या खोलीत पाट मांडला आणि स्वतः पातेलं घेऊन समोर बसली. मी तिच्या पाया पडले.

"आगं, काय झालं?"

"बुवांनी जाण्याआधी मला सगळं सांगितलं, चंद्राक्का."

"काय सांगितलं?"

"ते इथं यायचे ते. मागच्या दारानं. माळ खुंटीला अडकवून जेवायचे ते."

चंद्राक्कानं पातेल्यावरचं झाकण काढलं, आत पाहिलं, परत ठेवलं.

"कुठली खुंटी?"

"याच खोलीतली म्हणाले."

"ह्या खोलीत खुंटी नाय. कधीच नव्हती," ती म्हणाली. "बुवा जन्माचे माळकरी मानूस. म्हातारपनी मानसाला काय बी आठवतं, झालेलं बी आन् न झालेलं बी."

तिच्या डोक्याच्या मागं, भिंतीत, लाकडाची खुंटी होती. वापरून वापरून गुळगुळीत झालेली, रिकामी. मी तिच्याकडं पाहिलं. मी पाहतेय हे चंद्राक्कानं पाहिलं, आणि तरीही तिनं नजर हलवली नाही.

"मलाच नीट ऐकू आलं नसेल," मी म्हणाले.

"आसंच आसंल," चंद्राक्का म्हणाली. "भाकरी मोड. रस्सा वाढते."